राहते / राहत नाही

बुधवार, ४ फेब्रुवारी

ताई,

मागच्या पत्रात मी एक चूक केली, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की तपासणीच्या दिवशी मी आईला विचारलं, "ताईला कळवू का?" आणि आई म्हणाली, "राहू दे, नको कळवूस." आई फक्त "राहू दे" म्हणाली. "नको कळवूस" हे माझं. तिला तेच म्हणायचं असणार असं धरून मी ते तिच्या तोंडी घातलं. पत्र पेटीत पडलं आणि घरी येईपर्यंत मला घासात खडा लागल्यासारखं होत राहिलं.

तुला हसू येईल. एवढ्याशा दोन शब्दांसाठी हिने नवं पाकीट आणलं! पण तूच मला भिंग म्हणायचीस ना, साबणाच्या वेष्टणावरचंसुद्धा शेवटपर्यंत वाचते म्हणून. आता भिंग लागलंच आहे, तर ते पत्र घाईतलं होतं म्हणून सगळं पुन्हा नीट सांगते. अक्षर मोठं काढते आहे. तू चौथीनंतर शाळा सोडलीस ती या ओव्हनसाठी, आणि माझं हे बारीक अक्षर झालं ते त्याच ओव्हनवर, हे मी विसरलेले नाही.

या वर्षी आपल्या घरगुती बिस्किट-जॅमच्या नोंदणीच्या तपासणीला नवीन बाई आल्या. आई त्यांना तपासणीबाई म्हणते, मीही तसंच लिहिते. त्यांनी केसांवर टोपी चढवली, पिठाच्या डब्यात हात घालून पाहिला, खिडकीची जाळी बोटाने दाबली, कपडे कुठे धुता ते विचारलं. जॅमच्या बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. लिंबाच्या सालीची बिस्किटं कोरडी म्हणून चालतात, जॅम साखरेत आटवलेला म्हणून चालतो, हे त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होत्या आणि आई प्रत्येक "चालतो"ला मान हलवत होती, जणू तीच त्यांना पास करत होती.

मग त्यांना साहेब दिसला. साहेब म्हणजे बोका. तू गेल्यावर आला. काही काम करत नाही, खिडकीत बसून सगळ्यांवर नजर ठेवतो, म्हणून साहेब.

"मांजर पाळलंय?"

"पाळलेला नाही," आई म्हणाली. "तो आपला आपण येतो."

"घरगुती नोंदणीच्या स्वयंपाकघरात जनावर चालत नाही."

"मग तुम्हीच समजावून सांगा त्याला. माझं या घरात कोण ऐकतंय!"

त्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते टोपीखाली ठेवलं. मग नोंदणीचा कागद काढला. तुला आठवतंच असेल, नोंदणी तुझ्या नावावर आहे. मी तेव्हा अठराची नव्हते आणि आई कचेरीच्या खिडकीशी म्हणाली होती, "हिचं लिहा, हिला सही येते." तेव्हापासून प्रत्येक पाकिटावर "बनवणार" या शब्दापुढे तुझंच नाव आहे. आणि नियम असा की ज्याचं नाव, तो माणूस त्या घरात राहायला हवा.

"या कुठे आहेत?" तपासणीबाईंनी विचारलं.

"बाजारात गेलीय," आई म्हणाली.

"मागच्या वर्षीच्या शेऱ्यातही बाजारातच गेल्या आहेत. बाजार फार लांब दिसतो तुमचा."

त्यानंतर त्यांना कळलं की तू इथे राहत नाहीस. त्याच वेळी साहेबाने ओट्यावर उडी मारली, मी त्याच्यामागे धावले, त्याला खिडकीबाहेर ढकलता ढकलता मी विचारलं, "आई, ताईला कळवू का?" आणि मागून तिचा आवाज आला, "राहू दे." मी वळले तेव्हा तपासणीबाई पेनाला टोपण लावत होत्या. त्या म्हणाल्या, सत्तावीस तारखेपर्यंत तुझ्या सहीचा कागद आणून द्यायचा. म्हणजे तुझं नाव निघेल आणि आईचं चढेल. तोवर विकायचं नाही. त्यानंतर कागद नसेल तर नोंदणीच रद्द.

तो कागद मागच्या पाकिटात होता. एकच ओळ आहे: नोंदणीतील व्यक्ती या पत्त्यावर राहते / राहत नाही. लागू नसेल ते खोडायचं आणि खाली सही.

उत्तराची वाट पाहते. उत्तर नसेल द्यायचं तर नुसता कागद पाठव.

तुझी
भिंग


मंगळवार, १० फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. टपालाला वेळ लागतो हे मला माहीत आहे. तरी लिहिते.

घर विचित्र झालंय. ओव्हन थंड आहे, त्यामुळे स्वयंपाकघरात प्रथमच आपल्याला पंख्याची गरज नाही असं कळलं. आई रिकामी बसत नाही. तिने सगळे डबे उतरवून पुसले, पुन्हा चढवले, मग पुन्हा उतरवले. काल शेजारच्या मावशी म्हणाल्या, "पाहुणे येणारेत वाटतं?" आई म्हणाली, "हो. सरकार."

दुकानदार काकांकडे गेले होते. त्यांच्या काउंटरवरची आपली जागा त्यांनी रिकामी ठेवलीय. चिप्सची पाकिटं लावायला आलेल्या मुलाला त्यांनी सांगितलं, "तिथे नको, तिथलं माणूस येणार आहे." मला मात्र त्यांनी बाजूला घेतलं.

"अगं, एक सही तर आहे. तुझी बहीण काय तुझ्यावर फिर्याद करणार आहे? ओढ दोन रेघा नि मोकळी हो."

"काका, ती माझी सही नाही."

"तुला येते की नाही ती काढता?"

"येते."

"झालं मग! येत असून न करणं याला काय म्हणतात माहितीये?"

"काय?"

"शिक्षण," काका म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसले.

तुझी सही मला येते, कारण ती मीच तुला बसवून दिली होती. खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. तू विचारलं होतंस टिंबं कशाला, तर मी म्हणाले होते, मोठी माणसं देतात. काकांकडून आल्यावर मी ती वर्तमानपत्राच्या कडेला एकदा काढून पाहिली. हुबेहूब आली. मला इतकी भीती वाटली की तो कागद फाडून मी कचऱ्याच्या डब्यातसुद्धा टाकला नाही, शाळेच्या ऑफिसात नेऊन तिथल्या टोपलीत टाकला. (मी आता शाळेच्या ऑफिसात लागले आहे. दाखले लिहिते. पहिल्या पत्रात सांगायचं राहिलं.)

दुसरीही एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली नाही, मी ठेवली. मागे लिहिलं ना, "त्यानंतर त्यांना कळलं की तू इथे राहत नाहीस." आपोआप नाही कळलं. मी सांगितलं. आई बाजारात गेलीय म्हणाली, बाई पेन धरून थांबल्या, आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "ती इथे राहत नाही. दोन वर्षं होतील." आईने माझ्याकडे पाहिलं ते मी दूध उतू घालवल्यावर पाहते तसं. नंतर ती त्याबद्दल एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

नियम मी आता पूर्ण वाचलेत. त्यात आपल्या क्रीमरोलच्या भांडणाचंही उत्तर आहे. घरगुती नोंदणीवर क्रीम, दूध, अंड्याचं ओलं सारण, जे जे फ्रीजबाहेर टिकत नाही ते काहीच चालत नाही. म्हणजे त्या दुपारी, वीज गेलेली असताना, सकाळपासून खिडकीशी राहिलेला तुझा तो ट्रे विकायचा नव्हताच. आईचं बरोबर होतं. पण दोन बायका पैसे घेऊन दारात उभ्या असताना त्यांच्यासमोर तो डब्यात पालथा करावा आणि "माझ्या घरातून असलं बाहेर जाणार नाही" म्हणावं, असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही. मी तीनदा वाचलं.

"तुझ्या घरातून. बरं," तू म्हणालीस. तेवढंच. आठ दिवसांनी तुझी बॅग गेली.

तो ट्रे अजून आहे. खिळ्याला टांगलेला असतो. आई दर वेळी धुते, वापरत मात्र नाही.

तुझी
भिंग


सोमवार, १६ फेब्रुवारी

ताई,

तुझं पाकीट मिळालं.

"राहते"वर तू रेघ मारलीस. एवढी जोरात की मागच्या बाजूने कागद फुगलाय. खाली सही, रेघ आणि दोन टिंबं. आणि पाठीमागे तुझं वाक्य: "जिथे नको आहे तिथे नाव कशाला. खोडून टाका. अंगाला जपा."

आधी खरं ते सांगते. पाकीट उघडल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. मी ऑफिसातच उघडलं होतं, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "काय गं, लॉटरी?" मग मी कागद उलटून वाचला आणि माझं तोंड पाहून त्यांनी पुढे विचारलं नाही.

कागद नियमाप्रमाणे पूर्ण आहे. मी चारही कोपरे तपासले. उद्या-परवा नेऊन दिला की आई पुन्हा ओव्हन पेटवू शकते.

संध्याकाळी तो आईला दाखवला. पाठीमागचं वाक्य वाचून दाखवलं नाही. आईने कागद टेबलावर सरळ केला आणि रेघेवर बोट ठेवलं.

"इथे काय होतं?"

"राहते."

"आणि हा राहिलाय तो?"

"राहत नाही."

"तिनेच ओढली ही?"

"हो."

तिने कागद उजेडाकडे धरला. रेघेवरून अंगठा फिरवला, ओव्हनच्या काचेवरचा डाग निघतो का पाहते तसा.

"जोरात ओढलीय," ती म्हणाली.

मग उठून ती साहेबाला दूध घालायला गेली. तपासणीपासून त्याला मागच्या पायरीवरच दूध मिळतं. बराच वेळ ती तिथेच होती. तिथून एकदा म्हणाली, "एका अर्थी बरंच झालं," आणि एका अर्थी म्हणजे कुठल्या, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, तिला हेच हवं होतं आणि आता ते मिळाल्यावर जड जातंय. असं होतं माणसांचं.

परवा जेवणाच्या सुट्टीत कचेरीत जाते.

भिंग


बुधवार, १८ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मी कचेरीच्या बाहेरच्या बाकावर लिहायला घेतलंय, घरी जाईपर्यंत धीर धरवत नाही.

तपासणीबाई डबा खात होत्या. मी बाहेर थांबते म्हणाले तर म्हणाल्या, "या हो, तुमच्याकडचं सगळं मी उघडून पाहिलंय, माझा डबा तुम्ही पाहा." त्यांनी कागद घेतला, सही पाहिली, तारीख पाहिली.

"झालं की! सुटलात."

"हो," मी म्हणाले.

"आईंना चालतंय ना पण?"

"आईलाच हवं होतं."

त्यांनी घास हातात तसाच ठेवला. "काहीतरीच काय बोलता? त्या दिवशी तर त्यांनी माझा हात धरला होता."

"कधी?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "हां, तुम्ही मांजरामागे होता. तुम्ही म्हणालात ना, ती इथे राहत नाही? मग नियमाप्रमाणे मी नाव खोडायला घेतलं. ते मी खोडलं असतं तर नोंदणी तिथल्या तिथे रद्द. पेन नावावर टेकलं आणि तुमच्या आईंनी माझं मनगट पकडलं. पिठाचा हात, माझ्या बाहीवर पाचही बोटं उठली. म्हणाल्या, राहू दे."

"आईला वाचता येत नाही," मी म्हणाले. मूर्खासारखं, पण तेच सुचलं.

"नाव बरोबर ओळखलं त्यांनी. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, हे राहू दे. म्हणून तर मी मुदत दिली. नाहीतर कशाला देते?"

ताई, तिला वाचता येत नाही, पण गेली इतकी वर्षं प्रत्येक पाकिटावर चिठ्ठी तीच चिकटवते. सरळ कुठली आणि उलटी कुठली हे तिला कशावरून कळतं, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली होती, "पहिल्याला वर शेंडी आहे, शेवटच्याला खाली पाय आहे. शेंडी वर, पाय खाली." तुझं नाव. जगातला तेवढा एकच शब्द तिला दिसल्यावर कळतो.

आणि मी तुला काय लिहिलं? की ती "राहू दे" म्हणाली, म्हणजे कळवू नको. मग त्याची दुरुस्ती पाठवली, आणि दुरुस्तीतही शब्द खरा ठेवून अर्थ खोटाच ठेवला. ती मला बोललीच नव्हती. दुरुस्तीचं पत्र तुला रेघ ओढायच्या आधी मिळालं की नंतर, ते मला ठाऊक नाही. आधी मिळालं असलं तरी तूही तेच समजली असणार. आपल्या घरात "राहू दे" म्हणजे नेहमी "सोड, नको" असंच होतं ना. चहा देऊ का, राहू दे. पाय चेपू का, राहू दे. राहू देचा अर्थ राहू दे असा असेल, हे दोघींच्याही डोक्यात आलं नसतं.

मी कागदावर हात ठेवला आणि म्हणाले, "मी हा आज देत नाही."

"का? कागदात तर काही खोटं नाही. राहत नाहीत ना त्या?"

"राहत नाही. पण तिने रेघ ओढली ती आईला नको आहे असं समजून. ते मी कळवलं होतं आणि ते चूक होतं."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "हे बघा, कारण लिहायला फॉर्मवर जागा नसते. कायद्याला एवढंच कळतं, राहते का नाही."

"मला कळतं ना पण."

"सत्तावीस म्हणजे सत्तावीस, बरं का. माझ्या हातात नाही. त्या दिवशी कागद नसेल तर तुमच्या आईंचा ओव्हन घरच्यापुरता." मग त्या म्हणाल्या, "आणि एक सांगू? बनवणाराचं नाव घरात राहणाराचं लागतं. मालाचं नाव मात्र काहीही ठेवता येतं. डोंगर ठेवा, चिमणी ठेवा. माणसाचं ठेवायचं असेल तर त्या माणसाची संमती आणा. तो दुसरा फॉर्म." आणि त्यांनी तो कपाटातून काढून दिला.

दोन्ही कागद माझ्या पर्समध्ये आहेत. आता घरी जाऊन आईला विचारायचं आहे. मला तिची भीती वाटते आहे. तुझीही.

भिंग


शनिवार, २१ फेब्रुवारी

ताई,

आईला विचारलं. बुधवारी धीर झाला नाही, गुरुवारी मावशी बसल्या होत्या, काल विचारलं. ती ओव्हनचं दार पुसत होती.

"आई, त्या दिवशी 'राहू दे' कुणाला म्हणालीस?"

"त्या बाईला. तुला कशाला म्हणू? तू मांजर हाकत होतीस."

"मी तुला विचारलं होतं, ताईला कळवू का."

"कधी? मला नाही ऐकू आलं."

ऐकूच आलं नव्हतं, ताई! मी एका प्रश्नाला दुसऱ्याचं उत्तर लावलं, आणि वर ते टपालाने पाठवलं. सगळं सांगितलं मी तिला. तुझं पाठीमागचं वाक्यही वाचलं. आई फडकं हातात घेऊन ऐकत होती आणि मग जी सुटली ती विचारू नकोस.

"शिकून शिकून हे शिकलीस? माझा एक शब्द, त्याला तू दोन शेपट्या लावल्यास! मला लिहिता येत नाही म्हणून माझं तू लिहिणार? विचारायचं नाही? पोस्टमन तरी पाकीट फोडून आत भर घालत नाही!"

मी रडले. मग ती म्हणाली, "आता रडून ओव्हन ओला करू नकोस, कोरडा केलाय," आणि चहा ठेवला. कपात ओतताना म्हणाली, "ट्रे मी फेकला नव्हता. रोल फेकले होते." मी म्हणाले, "ताईला ते एकच वाटलं." ती म्हणाली, "मलाही नंतर तसंच वाटलं."

हे मी तिला विचारून लिहिते आहे. "लिहू का?" म्हटलं तर म्हणाली, "लिही. जसंच्या तसं. शेपट्या नकोत."

मग कागदाचा विषय निघाला. मी म्हणाले, ताईने रेघ ओढलेला कागद आपण देऊ नये. देणार नाही, ती म्हणाली, बंद तर बंद. मी म्हणाले, बंद नको, पण खोटंही नको. "राहते" लिहिता येणार नाही, कारण तू राहत नाहीस. यावर मला वाटलं होतं पुन्हा बाजार निघेल. पण ती म्हणाली, "राहत नाही हे मला दिसतं की. मी काय आंधळी आहे? रोज एक कप कमी धुते मी. पण त्या कागदावर ते कायमचं झाल्यासारखं लिहिलंय."

"मग कसं लिहू?"

"मध्ये सध्या घाल."

मी तपासणीबाईंना फोन करून विचारलं, ओळीत एक शब्द वाढवला तर चालेल का. कुठला, त्या म्हणाल्या. सध्या, मी म्हणाले. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "सध्यामुळे कुठलाही नियम मोडत नाही. घाला."

तर नवा कागद तयार आहे. "या पत्त्यावर सध्या राहत नाही." आईचा अंगठा त्यावर आहे. तिने तो नेहमीसारखा दाबून नाही उठवला, अलगद टेकवला, त्यामुळे थोडा फिका आलाय. बनवणाराच्या रकान्यात तिचं नाव येईल, तुझी सही झाली तर. दुसऱ्या फॉर्मवर मालाचं नाव म्हणून तुझं नाव लिहिलंय, फक्त नाव, शेंडी वर, पाय खाली. तिथेही तुझी सही लागेल. तुला ते नको असेल तर आई म्हणाली चिमणी ठेवू. तुझी मर्जी. तू नाही म्हणालीस तर मी दुसऱ्यांदा विचारणार नाही. पहिल्या कागदावरही नाही म्हणालीस तर सत्तावीस तारीख जाईल आणि ओव्हन घरच्यापुरता राहील. आईला हे सगळं माहीत आहे. तिने ओव्हनच्या दारावर हात ठेवून "ठीक आहे" म्हटलं. ठीक नव्हतं, पण म्हटलं.

तुझा तो जुना कागद मी तुला परत आणून देईन. तो फाडायचा की ठेवायचा ते तू ठरव. मी फाडणार नाही. तुझी सही आहे त्याच्यावर.

एवढं झाल्यावर आई झोपायला गेली आणि दारातून परत आली. "त्या बाईला विचारलंस का," ती म्हणाली, "क्रीमरोल विकायचे तर काय काय लागतं?"

मला ते पाठच होतं. वेगळा परवाना, घरापासून वेगळी खोली, फक्त त्याच मालाचा फ्रीज, त्यात तापमापी, रोज दोनदा पाहायची.

"मोठं प्रकरण आहे," आई म्हणाली.

"मोठं आहे."

"तिला सांग तरी. पावाच्या भट्टीत काम करते ती, तिला कळेल त्यातलं." आणि मग, "लिहू नकोस. तोंडी सांग." मी म्हणाले, तोंडी विसरले तर? तेव्हा म्हणाली, बरं, लिही.

हे पत्र आज दुपारच्या टपालाला टाकते, म्हणजे सोमवारी तुझ्या हातात पडायला हवं. न पडलं तरी हे दोन्ही कागद घेऊन मी येणार आहे. शाळेतून रजा घेतली आहे. तू मला घरात बोलवायला हवंस असं नाही. मी भट्टीच्या मागच्या दाराशी थांबेन, तुझे शेवटचे पाव बाहेर निघेपर्यंत. हातात एक रिकामा, धुतलेला ट्रे असेल, त्यावरून ओळखशील. तो आईने दिला आहे. काय सांगू म्हणून विचारलं तर काही सांगू नकोस म्हणाली. मी खरंच काही सांगणार नाही.

पहिल्या बसने निघते. मंगळवारी, २४ फेब्रुवारीला.

तुझी
भिंग